जपानी हजेरी

सुधाकर, परवा विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि मला दोन शब्द बोलायला उठवलं. मी उठलो, माईक हातात घेतला, "सुधाकर आन् मी एका वर्गात," एवढं म्हणालो आणि खाली बसलो. तीस वर्षं दूध डेअरीच्या दारात उभं राहून अख्ख्या गावावर ओरडणारा रामकिसन सेक्रेटरी, आणि तुझ्या फोटोसमोर त्याची गाडी पाच शब्दांच्या पुढं जाईना. लोकांना वाटलं, दुःखानं कंठ दाटला. दुःख होतंच बे, ते काय सांगायचं. पण पुढचं वाक्य तोंडात आलं होतं ते 'एका ताटात जेवलो' असं होतं, आणि ते खोटं होतं. तुझ्या माघारी तरी तुझ्याबद्दल खोटं बोलू नये म्हणून खाली बसलो. आता घरी बसून लिहितोय. मधे बोलू नको म्हणालो असतो, पण मधे बोलायची सवय तुझी नव्हती, माझीच होती.

पहिली गोष्ट ही, की तू गर्दीत गेलास. बीडच्या दवाखान्यात तुझ्या खाटेभोवती आम्ही अकरा जण होतो. सिस्टर तीनदा येऊन ओरडून गेली. कौसाबाई तर खाटेच्या पायथ्याशी खाली फतकल मारून बसलेली, पदरात भाकरी बांधून. सिस्टर म्हणाली, "आजी, पेशंटपाशी एकच माणूस थांबतं." त्यावर कौसाबाई म्हणते, "मंग मी थांबते, ह्या धा जनांना काढा भाईर." तू डोळे मिटूनच हसलास. मी पाहिलं. ज्या माणसानं परक्या मुलखात एकेकट्यानं मेलेल्यांच्या खोल्या वर्षानुवर्षं साफ केल्या, तो स्वतः असा गलक्यात गेला, ह्याचं मला लई समाधान आहे. त्यात माझा हात काडीचा नाही, हे मात्र मला कुणापाशी तरी कबूल करायचंय. तुझ्यावाचून दुसरं कोण आहे?

तू परत आलास तेव्हाचं आठवतं. बौद्धवाड्यातला पोरगा पुण्याला जाऊन जपानी भाषा शिकला, एका कंपनीचा दुभाष्या म्हणून विमानात बसला, एवढंच गावाला ठाऊक. परत आलास तो केस पांढरे करून. सोबत भात शिजवायचं एक विजेचं भांडं आणि घरात घालायच्या सपातांचे चार जोड. तुझी आई तोवर गेलेली, लग्न तू केलंच नव्हतंस, मग चार जोड कुणाला? "पाव्हन्यांना," म्हणालास. आमच्यातला कोण पाहुणा दारात चपला काढून आत पुन्हा दुसऱ्या घालणार होता! शाळेतली पोरं मात्र मुद्दाम यायची, सपाता घालून फटफट करत घरभर फिरायची आणि तू त्यांना चहा पाजून वाकून निरोप द्यायचास. पोरंही वाकायची. आम्ही पारावर बसून हसायचो.

मग शाळेनं तुला झेंडावंदनाला बोलायला बोलावलं. हेडमास्तरांना हवं होतं ते सगळ्यांनाच हवं होतं: जपानी माणूस किती कष्टाळू, किती स्वच्छ, किती वक्तशीर. तू ते सांगितलंस. पोरं आपल्या हातानं वर्ग झाडतात, गाडीला दोन मिनिटं उशीर झाला तर माफी मागतात, हे सांगितलंस. टाळ्या पडल्या. तिथं थांबायचं की नाही? नाही थांबलास. "त्याच गाडीत उभ्या उभ्या झोपून घरी जानारी मानसं मी रोज पाह्यलीत," म्हणालास. "कामानं मरत्यात तिथं मानसं. इतकी मरत्यात की त्या मरनाला त्यांच्या भाषेत येगळा शब्दच हाय. माझ्या शेजारी एक पोरगं व्हतं. परीक्षेत नापास झालतं. आठ वर्सं खोलीच्या भाईर आलं न्हाई. आई दारात ताट ठेवायची आन् रिकामं ताट उचलून न्यायची. सगळ्या शेजाराला ठाऊक. पन कोनी इचारलं न्हाई, कावून की इचारलं तं त्या माउलीला लाजवल्यावानी व्हतं." हेडमास्तरांनी घाईघाईनं आभार मानले आणि लाडू वाटायला सुरुवात केली.

घरी जाताना मी तुला झापलं. म्हणालो, "लेका, पोरांना चार चांगल्या गोष्टी सांगाया बोलावलं, आन् तू मढी उकरत बसलास. इतकी वर्सं त्यांचं खाल्लंस ना?" तू म्हणालास, "चांगलंच सांगितलं की. मानसं वाईट असती तं एवढं वाईट वाटलं नसतं, रामकिसन." आणि तुझ्या घरमालकिणीचं सांगितलंस. ऐंशीची म्हातारी. आपल्या टेंभुर्णीच्या जातीचं पण टोमॅटोएवढं एक फळ येतं तिथं, ती तुझ्या दारात पिशवीत ठेवून जायची, आणि वर चिठ्ठी: फळं थोडीच आहेत, माफ करा. तू कुठला, कोणाचा, कधी विचारलं नाही. पण बारा वर्षांत तुझ्या घरात येऊन बसलीही नाही. तुला त्रास होईल म्हणून. मी म्हणालो, "मंग बरंय की, कटकट न्हाई."

आता मांजरसुंब्याचं बोलतो. टाळून चालणार नाही.

धारूरकडच्या एका डेअरीत दुधाचं फॅट मोजायचं वापरलेलं मशीन मिळतंय म्हणून आपण दोघं माझ्या टेम्पोतून गेलतो. येताना दुपारी मांजरसुंब्याला ढाब्यावर थांबलो. भजी मागवली, दोघांत एक ताटली. मशीन मागं गोणपाटात गुंडाळलेलं आणि मी खुशीत. मी सहज विचारलं, "कंपनीत तुझं काम काय व्हतं बे नेमकं?" आणि तू सांगितलंस. कंपनीनं दुभाष्यांना पहिल्या तीन वर्षांतच घरी पाठवलं होतं. तू परत यायला लाजलास आणि एका साफसफाईवाल्याकडं लागलास. एकटी माणसं खोलीत मरायची, आठवड्यानं, महिन्यानं कळायचं. मग तुमची गाडी जायची. गाडीवर नाव नसायचं. शेजाऱ्यांना सांगायचं, घर बदलतायत. सामान काढायचं, फरशी घासायची, खोली अशी करायची की इथं कुणी मेलं असं पुढच्याला वाटू नये.

तू सांगत होतास आणि भजी गार होत होती. एका दाराशी दुधाच्या बाटल्यांची पेटी होती, म्हणालास. सात बाटल्या साचलेल्या. दूधवाला पोरगा रोज येऊन एक ठेवून जात होता. तू त्याला विचारलंस, हाक का नाही मारली? तो म्हणाला, वाटलं होतं मारावी, पण उगीच त्रास नको. आणि आत त्या बाईच्या टेबलावर पाकीट होतं. वर लिहिलेलं, साफ करायला जो कोणी येईल त्याच्यासाठी. आत एकच ओळ: माझ्यामुळं झालेल्या त्रासाबद्दल क्षमा असावी. "मेल्यावरबी त्रास नको, रामकिसन," तू म्हणालास. "लहानपनापासून त्यांना एकच शिकवत्यात, दुसऱ्याला त्रास व्हता कामा नये. चांगलीच गोष्ट हाय. पन मानूस त्या चांगल्या गोष्टीपायी मरतंय."

मग तुझ्याबरोबर काम करणाऱ्या त्या तरण्या पोराचं सांगितलंस. लग्न ठरलं होतं, मुलीच्या बापानं गुपचूप माणूस लावून पोराच्या आज्याची वस्ती शोधून काढली. कातड्याचं, खाटकाचं काम करणाऱ्यांची वस्ती. लग्न मोडलं. कारण कुणी बोलून दाखवलं नाही, नुसते वाकून वाकून माफी मागून गेले. "मी बुद्धाचा देश म्हनून गेलतो," तू म्हणालास. "मला वाटलं, गाव मागं ऱ्हायलं. गाव माझ्या आधी पोचलं व्हतं."

सुधाकर, तेव्हा माझा हात ताटलीकडं निघालेला होता, तो मागं आला. मी ठरवून मागं घेतला नाही. तो आपोआप आला, हे जास्त वाईट. तुझ्या आज्यानं गावची मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं त्याला किती काळ लोटला, तू शिकलास, जग फिरलास, आणि मी सहकाराचा सेक्रेटरी, भाषणात 'सगळ्यांचं दूध एका कॅनमध्ये' म्हणून टाळ्या घेणारा, माझा हात मागं आला. तू बघितलंस. ताटली माझ्याकडं सरकवलीस आणि म्हणालास, "तू खा, मला नको." आणि मशीनच्या वायरीबद्दल बोलायला लागलास. मला लाज वाटू नये म्हणून. मला त्याचाच राग आला. तू शिवी दिली असतीस तर मी तिथंच तुझे पाय धरले असते. असं मला वाटतं, पण कोण जाणे, धरले असते का नाही ते.

त्यानंतर आठ दिवसांनी तू डेअरीवर आलास. आपल्या शिरूरच्या रानात दिवाळी झाली की गाव रिकामं होतं, हे काय नवं नाही. मुकादमाच्या गाड्या येतात, तरणीताठी माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, मागं म्हातारी माणसं, काही नातवंडं आणि म्हशी. त्या म्हशींचं अर्धा लिटर, लिटर दूध घेऊन म्हाताऱ्या सकाळी डेअरीवर येतात. तू एक सकाळ नुसता बसून बघितलंस. मग म्हणालास, "आठ वाजेपर्यंत जे आलं न्हाई त्याच्या घरी मानूस पाठव." मी म्हणालो, "दूध आटलं असंल, दुसरं काय?" तू म्हणालास, "मंग आटलंय म्हनून सांगून यील तो मानूस. जातंय काय आपलं?"

मी हसलो. त्याला 'जपानी हजेरी' हे नाव मीच पाडलं, तुला चिडवायला, आणि गावानं ते उचललं. पण हजेरी सुरू झाली, हे कबूल कर. एकदा कौसाबाई तापानं फणफणलेली सापडली, एकदा मुळीकनाना आडाच्या पायरीवर पाय मुरगाळून बसलेले. नाना तर इतके चिडले! "मी काय कुक्कुलं बाळ हाय?" म्हणाले. पण पाठीवर बसून आले. दोन हंगाम असे गेले. दूध मी मोजायचो आणि माणसं तू. तेव्हा मला ते बरं वाटायचं, हे मी तुला कधी बोललो नाही.

यंदा पावसानं दगा दिला. विहिरी पौषातच तळाला गेल्या, टँकर तिसऱ्या दिवशी यायला लागला, आणि जनावरं छावणीवर गेली. छावणी आपल्यापासून दोन कोसावर. दूध तिथंच गोळा व्हायला लागलं. मी मशीन टेम्पोत घातलं, छावणीवर नेलं आणि गावातल्या डेअरीला कुलूप लावलं. मी कुलूप लावत होतो तेव्हा तू आलास. "डेअरी उघडी ठेव," म्हणालास. मी म्हणालो, "दूध न्हाई तं डेअरी कशाला बे? काय पानी मोजू, आन् ते तरी कुठंय?" बरोबरची माणसं हसली. तू नाही हसलास. "म्हातारी सगळी छावनीवर गेली न्हाईत, रामकिसन. निम्मी हितं, निम्मी तिथं, आन् रोज येजा चालूय. आता कोन कुठं हाय ते कुनालाच ठाऊक ऱ्हानार न्हाई." मी किल्ली खिशात घातली.

गयाबाईची म्हैस छावणीवर होती. मुलगा आणि सून तोडीला गेलेले. ती दोन दिवस म्हशीपाशी राहायची, मग पीठ आणायला, अंगावरचं बदलायला गावात यायची. एकदा गावात आली ती परत गेली नाही. छावणीतल्यांना वाटलं, गावात आहे, थंडीची थांबली असेल. गावातल्यांना वाटलं, छावणीवर आहे. म्हशीला शेजारच्या दावणीवालीनं चारा टाकला, धार काढली आणि दूध गयाबाईच्या नावानं माझ्याकडं घातलं. तीन दिवस मी तिचं दूध घेतलं, सुधाकर. माझ्या हातानं. दूध येतंय म्हणजे बाई आहे, एवढंच माझ्या डोक्यात. चौथ्या दिवशी कुत्री तिच्या दारात जमली तेव्हा कळलं.

तिला उचलून नेल्यावर घर तसंच होतं. कुणी आत जाईना. तू आलास, फुलपँट दुमडलीस, तोंडाला पंचा बांधलास. उंबऱ्यापाशी थांबून वाकलास आणि काहीतरी म्हणालास. मी नंतर विचारलं तेव्हा सांगितलंस, तिकडं कुणाच्या घरात जाताना म्हणतात, तुम्हाला त्रास द्यायला येतोय. रिकाम्या खोलीलाही तू ते म्हणायचास. मग म्हणालास, "पानी लागंल." टँकर येऊन दोन दिवस झालेले. कुणी कुणाकडं बघेना. कौसाबाई घरात गेली आणि आपली घागर आणून उंबऱ्यावर ठेवली. मग दुसरी आली, तिसरी आली. प्यायचं पाणी होतं ते. मी माझा ड्रम आणला आणि उंबऱ्याबाहेर थांबलो. तू आत तीन तास एकटा घासत होतास. मी बाहेरून बादल्या देत होतो आणि तू प्रत्येक बादलीला 'बरं' म्हणत होतास. मी आत आलो नाही. एक पाऊल होतं बघ.

चार दिवसांनी आपलं वाजलं. तू किल्ली मागायला आलास. मी आधीच मनातून खचलेला, आणि खचलेला माणूस फार आवाज करतो. म्हणालो, "तिच्या पोरानं बघायचं. पोरगं कावून फोन करत न्हाई? डेअरी काय म्हाताऱ्यांचा दवाखाना हाय?" तू शांतपणे म्हणालास, "तिथंबी हेच म्हनायचे. शेजारी म्हनायचे घरचे बघतील, घरचे म्हनायचे सरकार बघंल. आन् म्हातारं मानूस म्हनायचं, कुनी नगा बघू, मी ठीक हाय." आणि मग विचारलंस, "बरं, तुझं सांग. वहिनी गेल्या. पोरगा पुन्यात. उद्या तू न्हाई उठलास तं कोन यील?"

मी म्हणालो, "मी सेक्रेटरी हाय. माझ्या दारात अख्खं गाव येतं."

"दूध हाय तवर," तू म्हणालास.

त्यावर मी जे बोललो तेही लिहितो. "जपानच्या मढ्यांचा वास हितं आनू नको," म्हणालो. चार माणसांत. तू मान हलवलीस, जसं काही मी एखादा पत्ता सांगितला, आणि गेलास.

दुसऱ्या दिवसापासून तू बंद डेअरीच्या कट्ट्यावर बसायला लागलास. सकाळी सहाला, चहाची किटली घेऊन. कौसाबाई आली, नाना आले, हळूहळू गावात उरलेली सगळी यायला लागली. कुलूप लावलेल्या दाराला पाठ टेकून चहा प्यायची आणि आठला जो आला नाही त्याच्याकडं कुणीतरी जायचं. मी रोज त्याच रस्त्यानं मोटारसायकलवर छावणीला जायचो. तू रोज हात वर करायचास. मी रोज समोर बघायचो. सात आठवडे. एकदा तरी हॉर्न वाजवायला काय झालं होतं मला?

आणि मग तो दिवस. मी आलो, कट्ट्यावर म्हातारी बसलेली, तू नव्हतास. मला पहिलं काय वाटलं सांगू? बरं झालं. आज मान वळवायची गरज नाही. मी तसाच पुढं गेलो. दोन किलोमीटर गेल्यावर डोक्यात आलं, किटली पण नव्हती. तरी मागं फिरलो नाही. तुझा तो दूधवाला पोरगा मला मूर्ख वाटला होता, मांजरसुंब्याला.

म्हाताऱ्यांनी मात्र आठ वाजायची वाट बघितली नाही. कौसाबाईनं मला नंतर सांगितलं, "सा वाजून गेले, किटली न्हाई आली, म्हनलं उठा." सात म्हाताऱ्या आणि दोन म्हातारे, नाना काठी टेकत सगळ्यांच्या मागं, असे ते तुझ्या घरी गेले. तू मोरीपाशी पडलेला होतास, जागा होतास. कौसाबाई म्हणते, ती सगळी आत शिरली तेव्हा तू बोटानं सपाता दाखवल्यास. नानांनी तुला उलट झापलं, "मरायला टेकलंय आन् सपाता घाला म्हनतंय!" टँकरवाल्याला आडवं होऊन थांबवलं त्यांनी. त्याच्याच केबिनमध्ये तू बीडला पोचलास. डॉक्टर म्हणाले, उशीर थोडासाच झाला होता, पण हृदय आधीच थकलेलं होतं. दोन दिवस मिळाले तुला. ते दोन दिवस त्या म्हाताऱ्यांनी मिळवून दिले.

मी दुपारी पोचलो. तू माझ्याकडं बघितलंस, मी सलाईनच्या बाटलीकडं बघितलं. माफी मागायची होती. भोवती दहा माणसं होती म्हणून मागितली नाही. मढ्यांचा वास म्हणताना चारचौघांची लाज वाटली नव्हती, माफीला वाटली. आता मागतो. मांजरसुंब्याच्या हातासाठी, गयाबाईच्या उंबऱ्यासाठी, त्या शब्दासाठी आणि त्या सकाळी पुढं निघून गेलो त्यासाठी. तू 'असू दे' म्हणाला असतास, मला माहीत आहे. असू देऊ नको.

काल संचालकांची बैठक झाली. चेअरमन म्हणाले, डेअरीची खोली रिकामी पडलीय, छावणीची पेंड तिथं उतरवू, किल्ली द्या. मी म्हणालो, खोली रिकामी नाही. ते म्हणाले, काय आहे तिथं? मी म्हणालो, हजेरी आहे. कुणीतरी मागून 'जपानी' म्हणून हसलं. मी म्हणालो, "हो, जपानी. हे नाव मीच पाडलंय, आन् हसून घ्या आजच्या दिवस. उद्यापासून सकाळी सा ते आठ डेअरी उघडी ऱ्हानार. दूध असो नसो, तोडीच्या टोळ्या परत आल्या तरी, पाऊस पडला तरी. सेक्रेटरीला काढायचं आसंल तं ठराव करा. किल्ली मातर भेटनार न्हाई." चेअरमननी वही मिटली. मग म्हणाले, "पेंड शाळेच्या वऱ्हांड्यात उतरवू मंग." एवढंच होतं बघ. एवढ्यासाठी मी तुला इतके दिवस अडवलं.

आज सकाळी साडेपाचला कुलूप काढलं. आत धूळ आणि आंबूस वास. झाडून घेतलं, सतरंजी टाकली, चहा मी केला. लई वाईट झाला, कौसाबाईनं तोंडावर सांगितलं. आठ वाजले आणि नाना आले नाहीत. मी पळतच गेलो. नाना अंगणात उन्हाला बसून दाढी करत होते. "मेलो न्हाई बे अजून!" म्हणाले. "तू उघडतूस का न्हाई ते बघत व्हतो." अर्धी दाढी तशीच ठेवून आले माझ्याबरोबर.

सगळी बसली होती. मी उभा राहिलो, डेअरीत मी कायम उभाच असतो. म्हणालो, "एक सांगायचंय. मी बी एकटाच ऱ्हातो." इतकी वर्षं मी हे वाक्य कुणापुढं उच्चारलं नव्हतं, स्वतःशीसुद्धा नाही. मग म्हणालो, "आतून कडी लावनार न्हाई इथनं पुढं. ज्या दिवशी सा वाजता डेअरी उघडली न्हाई..." आणि पुढं मला बोलता येईना.

कौसाबाईनं कप खाली ठेवला. "येऊ की," म्हणाली. "तुला तरास द्याया येऊ. बस खाली आता, च्या पी."

मी त्यांच्यात बसलो, सुधाकर.